काठीच्या टोकाचें कातडें

ह्या मासिकाच्या वाचकांस आमच्याकडून व्याकरणाविषयीं, मुलांच्या पाठांतराविषयीं किंवा फार तर एखाद्या तीर्थयात्रेविषयीं कांहीं ऐकण्याची अपेक्षा असणार. सदतीस वर्षें शाळेंत शब्दरूपें घोकून घेतलेल्या, साठी उलटलेल्या मास्तरानें स्नूकरच्या काठीला कोणती टिप लावावी ह्या विषयावर लेखणी चालवावी, हें पाहून कित्येकांच्या भुंवया उंचावतील. त्यांस आमची एवढीच विनंती, कीं त्यांनीं शेवटपर्यंत वाचावें. विषय दिसावयास नखाएवढा आहे. आम्हांस मात्र त्यानें तीस वर्षांपूर्वींची एक चूक दाखविली, आणि ती कबूल केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर डॉक्टरांनीं रोज तासभर चालण्याचा सल्ला दिला. हिवाळा-उन्हाळा तो नीट पाळला गेला. पावसाळ्यांत मात्र पुण्याचे रस्ते व आमचे गुडघे ह्यांचें जमेना. तेव्हां एका मित्रानें आम्हांस आपल्या जिमखान्यांतील बिलियर्ड्सच्या दालनांत नेलें. बारा फूट लांब व सहा फूट रुंद असें तें हिरव्या बनातीचें मेज. त्याला तासभर प्रदक्षिणा घातल्या म्हणजे डॉक्टरांचें समाधान होतें, असें मित्राचें म्हणणें. पंधरा तांबडे चेंडू एकेका गुणाचे, व पिवळ्यापासून काळ्यापर्यंत सहा रंगीत चेंडू दोन ते सात गुणांचे. पांढऱ्या चेंडूच्या आघातानें एकदा तांबडा व एकदा रंगीत अशा क्रमानें ते पॉकेटांत घालावयाचे. क्रम, नियम आणि अपवाद हीं ज्यास जन्मभर प्रिय, त्यास हा खेळ न आवडता तरच नवल! पंधरवड्यांत आम्ही मित्राच्या आधीं जिमखान्यांत हजर राहूं लागलों. एका सभासदानें अडगळींत टाकलेली आपली जुनी काठी, म्हणजे क्यू, आम्हांस देऊन टाकली.

हा खेळ साहेबाचा खरा. पण जन्मला आपल्याच देशांत. सन १८७५ मध्यें जबलपूरच्या छावणींत नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें पावसाळ्यांतला कंटाळा घालविण्यासाठीं बिलियर्ड्सच्या मेजावर ही नवी रीत काढली, असें मानितात. पुढें त्याच नांवाचा इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला, तो निराळा. जबलपूर म्हणजे आमच्या कित्येक आप्तांचें गांव. तेथें मराठी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं आहेत. आणि बिलियर्ड्सचे जगज्जेते विल्सन जोन्स ह्यांचा जन्म पुण्याचाच, सन १९२२ चा. सन १९५८ मध्यें कलकत्त्यास त्यांनीं हौशी खेळाडूंचें जगज्जेतेपद मिळविलें, तेव्हां कोणत्याहि खेळांत एकट्याच्या बळावर जगज्जेता झालेला पहिला भारतीय असा त्यांचा लौकिक झाला. अलीकडचे पंकज अडवाणी हेहि जन्मानें पुणेकर. हें सर्व आम्हांस आतां ठाऊक झालें. सन १९९५ मध्यें ठाऊक असतें, तर बरें झालें असतें.

त्या वर्षीं आमच्या नववीच्या वर्गांतील एक मुलगा संस्कृतच्या तासाला वारंवार गैरहजर राहूं लागला. चौकशी करितां तो बाजारांतल्या एका बिलियर्ड्सच्या खोलींत सांपडला. आमच्या लेखीं तो जुगाराचा अड्डा. दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमोर आम्हीं त्याच्या तळहातावर पट्टी मारली, आणि वर म्हटलें, “तूं जन्मभर मेजाभोवतींच फिरशील!” वर्ग हंसला. मुलगा हंसला नाहीं आणि रडलाहि नाहीं. दहावीनंतर त्यानें शिक्षण सोडलें. आम्ही त्यास विसरून गेलों.

जिमखान्यांतील मार्कर, म्हणजे गुण मांडणारा, मेज राखणारा व काठ्यांची डागडुजी करणारा गृहस्थ, हा तोच मुलगा होता. त्यानें आम्हांस पहिल्याच दिवशीं ओळखून वांकून नमस्कार केला होता. आम्हीं आशीर्वाद दिला खरा, पण ओळख पटायला घरीं येऊन अंथरुणावर पडावें लागलें. आणि मग झोंप कांहीं लागली नाहीं. पुढें दोन महिने आम्ही एकमेकांशीं केवळ गुणसंख्येपुरतें बोलत होतों.

श्रावणाच्या आरंभीं आमचा नेम बिघडला. काठी पांढऱ्या चेंडूवरून निसटे, ‘टक्‌’ असा ओंगळ आवाज होई, व चेंडू भलतीकडे जाई. ह्यास मिसक्यू म्हणतात. आम्हीं दोष वयास दिला. चौथ्या वेळीं मार्कर जवळ आला व काठीचें टोंक उजेडांत धरून म्हणाला, “गुरुजी, हात नाहीं चुकत. टिप गेली आहे.”

त्यानें दाखविलें तें आम्हीं त्यापूर्वीं कधीं पाहिलेंच नव्हतें. काठीच्या टोंकाला पितळेचें एक बारीक कडें असतें, त्याला फेरूल म्हणतात; त्यावर चामड्याची एक लहानशी टिकली चिकटविलेली असते. ती वरून घुमटासारखी गोल असावी. आमची टिकली वर सपाट झालेली, कांचेसारखी गुळगुळीत, आणि कडेनें अळंब्याच्या छत्रीप्रमाणें बाहेर पसरलेली होती.

ह्या टिकलीचा इतिहास मनोरंजक आहे. पूर्वीं काठीचें टोंक नुसतें लांकडाचें असे, व चेंडूच्या मध्यावर मारण्यापलीकडे फारसें कांहीं साधत नसे. फ्रान्समध्यें मिंगो नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें राजकीय बंदिवासांत असतांना हा खेळ अभ्यासिला, व सन १८०७ च्या सुमारास काठीला चामड्याचें टोंक बसविलें, असें श्रेय त्यास देतात. त्या दिवसापासून चेंडूला फिरकी देतां येऊं लागली. टोंकावर जी निळी वा हिरवी वडी घासतात तिला आपण खडूच म्हणतों. परंतु सन १८९७ मध्यें अमेरिकेंत नव्या वडीचें पेटंट निघाल्यापासून तिच्यांत खरा खडू नसून वाळूच्या जातीची खरखरीत भुकटी असते. जन्मभर खडू हाताळलेल्या आम्हांस ही बातमी किंचित्‌ मनास लागली.

सगळें मर्म घर्षणांत आहे. टिप व चेंडू ह्यांचा संयोग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका, फार तर त्याच्या दुपटीइतका टिकतो. तेवढ्या अवधींत चामड्यानें चेंडूला धरावें लागतें. स्नूकरच्या चेंडूचा व्यास साडेबावन्न मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या सव्वासव्वीस. मध्यापासून त्रिज्येच्या सुमारें निम्म्या अंतरापर्यंत, म्हणजे तेरा मिलिमीटरपर्यंत, चांगली टिप चेंडूस धरते; त्यापलीकडे कोणतीहि टिप निसटते. आमची तर चार-पांच मिलिमीटरवरच निसटत होती.

“नवी टिप बसवूं, पण कोणती, तें तुम्हीं ठरवा,” असें म्हणून त्यानें डब्या मांडल्या. आम्हीं मास्तरी बाण्यानें विचारलें, “सर्वांत कठीण कोणती? टिकेल ती दे.”

तो जरा थांबला, आणि मग त्यानें आमचा तास घेतला. कठीण टिप आपला आकार पुष्कळ दिवस राखते व जोराचा फटका चोख पोंचविते. परंतु ती लवकर गुळगुळीत होते. मग खडू तिच्यावर ठरत नाहीं व वारंवार खरवडावी लागते. मऊ टिप खडू चांगला धरते व हलक्या हाताच्या फिरकीस अनुकूल असते. पण ती लवकर झिजते, दबते व कडेनें पसरते, म्हणून तिची निगा फार. आकाराचें म्हणाल तर स्नूकरला नऊ ते दहा मिलिमीटर रुंदीची टिप योग्य. अमेरिकन पूलचे चेंडू मोठे, म्हणून त्यांच्या टिपाहि बारा-तेरा मिलिमीटरच्या. शिवाय दोन जाती: एकसंध चामडें दाबून केलेली, व पातळ कातड्यांचे अनेक थर एकमेकांवर चिकटवून केलेली. थरांची टिप अधिक महाग, व तिचा गुण बहुधा अधिक काळ एकसारखा राहतो. जपानांत अशा नामांकित टिपा होतात. त्यांना डुकराचें कातडें वापरितात.

हें शेवटचें वाक्य ऐकून आम्ही घरीं परतलों. ज्या घरांत आजीच्या सोंवळ्याला सावलीसुद्धां चालत नसे, त्या घरांत ही वस्तु न्यावी कशी, हा विचार आम्हीं जेवतांना बोलून दाखविला. आमच्या कुटुंबानें ताक वाढतां वाढतां विचारलें, “आपला मुलगा दहा वर्षें देवघराच्या शेजारीं तबला बडवीत होता, त्याला काय रेशीम ताणलें होतें? तबल्याला कातडें चालतें आणि तुमच्या काठीला चालत नाहीं, हें कोणत्या स्मृतींत लिहिलें आहे?” ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. जनावर कोणतें ह्यावरून आणखी वाद घालतां आला असता, पण ताक संपलें होतें.

दुसऱ्या दिवशीं मार्करनें आमचा खेळ पाहून निवाडा दिला. आमचा फटका हळू, तेव्हां कठीण टिपेचा उपयोग नाहीं. तिला खरवडण्याची शिस्तहि आमच्यापाशीं नाहीं. अगदीं मऊ घ्यावी, तर चामडें हवेंतला ओलावा शोषून आणखी मऊ पडतें, आणि पुण्याचा पावसाळा अजून दोन महिने होता. सबब मध्यम, एकसंध चामड्याची, साडेनऊ मिलिमीटरची. मग त्यानें एकाच डबींतल्या पांच टिपा एकामागून एक खिडकीच्या फरशीवर टाकल्या व कान देऊन ऐकल्या. जी कठीण तिचा आवाज टणक, जी मऊ तिचा दबलेला. एकीचाहि आवाज दुसरीसारखा नव्हता. “डबीवर नांव एकच असतें, गुरुजी,” तो म्हणाला, “आंत प्रत्येक निराळी.” आम्हीं मान खालीं घातली. आमच्या वर्गावरहि ‘नववी अ’ असें एकच नांव होतें.

जुनी टिप सुरीनें काढून त्यानें फेरूलचें तोंड सपाट घांसलें, नव्या टिपेचा तळ काचकागदावर खरखरीत केला, झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा एक थेंब लावला व टिप घट्ट दाबून धरली. तेवढ्या अवकाशांत आम्हीं धीर केला. त्या दिवशीं मारलें तें चुकलें, असें आम्ही म्हणालों. वाक्य सदतीस वर्षांच्या नोकरींत आम्हीं प्रथमच उच्चारलें असावें, कारण जीभ अडखळली.

तो काठीकडेच पाहत होता. “पट्टी लागली नव्हती, गुरुजी. वडील त्याहून जोरानें मारीत. तें वाक्य मात्र लागलें.” थोड्या वेळानें तो किंचित्‌ हंसला. “खरें झालें म्हणा. फिरतोंच आहें मेजाभोवतीं. पण वर्ग हंसला होता, तें अजून ऐकूं येतें.”

ह्यावर काय बोलणार? क्षमा त्यानें केली, असें आम्ही म्हणत नाहीं; तसें तो म्हणाला नाहीं. त्यानें टिपेच्या कडा कापून फेरूलबरोबर केल्या, काचकागद आमच्या हातीं दिला व घुमट आम्हांसच घांसावयास सांगितला. आम्ही सवयीप्रमाणें जोर करूं लागलों, तोंच त्यानें मनगट धरलें. “हळू. कमी घांसलें तर पुन्हां घांसतां येतें. जास्त गेलेलें कातडें परत येत नाहीं.”

त्यास आतां एक मुलगी आहे. ती नववींत शिकते, व तिनें संस्कृत घेतलें आहे. दिवाळीनंतर एके दिवशीं त्यानें गुणफलक पुसतां पुसतां विचारलें, कीं रविवारीं तिला तासभर पाठवूं का. ती येते. धातुरूपांत चुकते, आणि चुकली म्हणजे वडिलांसारखीच गप्प होते. तेव्हां आम्ही थांबतों.

नव्या टिपेला कांहीं दिवस खेळून मुरूं द्यावें लागतें. पहिल्या आठवड्यांत ती थोडी दबते व पुन्हां आकार द्यावा लागतो. आमचा आजवरचा सर्वांत मोठा ब्रेक सतरा गुणांचा आहे. मार्कर म्हणतो, ह्यांत टिपेचा दोष नाहीं.