दाभोळच्या खाडीत
वाशिष्ठी समुद्राला मिळते ते दाभोळ. काठावर आदिलशाही काळातली शाही मशीद, समोर आम्ही जुन्यात घेतलेली लाँच. ओहोटी जोरात, आणि नांगराची विंच नुसती 'टिक' करून गप्प! नवी मोटर म्हणजे अख्ख्या मोसमाची कमाई. चाचांनी आधी मीटर मागितला. बटण दाबलेले असताना बॅटरीवर 12 व्होल्ट, मोटरशी जेमतेम 8. वीज वाटेतच मरत होती. रिलेजवळचा सांधा उघडला, तर खाऱ्या हवेने तांबे हिरवेगार! बॅटरी सोडवून तो घासला, घट्ट आवळला, वर ग्रीस लावले. मग इंजिनवर बोट हळूच पुढे घेऊन साखळी सैल केली (विंचने बोट ओढायची नसते), तेव्हा कुठे बटण दाबू दिले. साखळी खडखडत वर आली. मगरिबच्या आधी आम्ही पलीकडे अंजनवेलला होतो.