कर, मत आणि दहा हजार डॉलर

2017 सालच्या नाताळानंतरच्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या अनेक गावांत म्युनिसिपल कचेऱ्यांसमोर रांगा लागल्या. हाडं गोठवणारी थंडी होती, तरी माणसं चेकबुक घेऊन उभी होती, आणि तीही पुढच्या वर्षाची घरपट्टी आगाऊ भरण्यासाठी. 22 डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नव्या करकायद्यावर सही केली होती. 1 जानेवारीपासून राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर 10,000 डॉलरची मर्यादा लागू होणार होती. त्याआधी जमेल तेवढं पदरात पाडून घ्यायची ती धावपळ होती. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी आगाऊ रक्कम स्वीकारण्याचे आदेश काढले. त्याच सुमारास केंद्रीय करखात्याने बजावलं की ज्या कराची आकारणी आधीच झाली आहे, तेवढ्याचीच वजावट मिळेल.

मी न्यू जर्सीत लोकांची करविवरणपत्रं तयार करण्याचा व्यवसाय करते. एडिसन, ब्रिजवॉटर, पार्सिपनी या भागातली मराठी घरं माझ्याकडे मोठ्या संख्येने येतात. करावरून अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, निवडणूक कशी तापते आणि त्याच करांचे आकडे कागदावर प्रत्यक्षात काय सांगतात, या दोन्ही गोष्टी माझ्या टेबलावर एकत्र येतात. त्यावरून माझं एक ठाम मत बनलं आहे. कराच्या रागातून मतदान करणं हा लोकशाहीतला अगदी सरळ व्यवहार आहे. मात्र तो राग कोणत्या आकड्यावर धरायचा आणि कोणाच्या दारात न्यायचा, हे मतदाराला कोणताच पक्ष नीट सांगत नाही. ते मतदारालाच शिकावं लागतं.

आधी हे प्रकरण समजून घेऊ. अमेरिकेत केंद्राचा आयकर वेगळा आणि बहुतेक राज्यांचा वेगळा. घरपट्टी स्थानिक. न्यू जर्सीची घरपट्टी देशात सर्वांत जास्त समजली जाते. 2018 मध्ये तिची सरासरी वर्षाला पावणेनऊ हजार डॉलरच्या आसपास होती आणि चांगल्या शाळांच्या गावांत बिल सहज पंधरा हजारांवर जाई. केंद्राचा कर मोजताना हे दोन्ही कर उत्पन्नातून वजा करता येत. या वजावटीला सगळे ‘साल्ट’ म्हणतात. नव्या कायद्याने ती 10,000 डॉलरवर आणली, आणि एकट्या माणसाला जी मर्यादा तीच नवरा-बायकोच्या एकत्रित विवरणपत्रालाही. दोघंही नोकरी करणाऱ्या घरांना हे विशेष झोंबलं.

न्यू जर्सीतून तेव्हा प्रतिनिधिगृहात पाच रिपब्लिकन सदस्य होते. त्यांपैकी चौघांनी स्वतःच्या पक्षाच्या या विधेयकाविरुद्ध मत दिलं: लेनर्ड लान्स, रॉडनी फ्रीलिंगहायझन, फ्रँक लोबायोंडो आणि ख्रिस स्मिथ. एकट्या टॉम मॅकआर्थर यांनी बाजूने दिलं. फ्रीलिंगहायझन हे तर विनियोजन समितीचे अध्यक्ष, म्हणजे पक्षातले वजनदार गृहस्थ. 2018 च्या जानेवारीत त्यांनी पुन्हा उभं न राहण्याचं जाहीर केलं.

6 नोव्हेंबर 2018 ला मतदान झालं. सुमारे निम्म्या पात्र मतदारांनी मत दिलं. मध्यावधी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मधल्या, निवडणुकीत एवढं मतदान 1914 नंतर झालं नव्हतं. फ्रीलिंगहायझन यांची जागा नौदलातल्या माजी हेलिकॉप्टर वैमानिक मिकी शेरिल यांनी जिंकली. लान्स टॉम मॅलिनोव्स्कींकडून हरले. मॅकआर्थर यांना अँडी किम यांनी सुमारे चार हजार मतांनी हरवलं. लोबायोंडो निवृत्त झाले होते, त्यांची जागाही डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. राज्याच्या बारा जागांपैकी रिपब्लिकन पक्षाकडे ख्रिस स्मिथ यांची एकच उरली.

हे सगळं एकट्या साल्टमुळे घडलं असं मी म्हणणार नाही. आरोग्यविम्याचा कायदा मोडण्याच्या प्रयत्नात मॅकआर्थर पुढे होते आणि त्याचाही राग होता. ट्रम्प यांच्याबद्दलचा तर होताच. पण लान्स यांचा पराभव मला बोलका वाटतो. त्यांनी मतदारांच्या बाजूने मत दिलं होतं, तरी मतदारांनी त्यांना घरी पाठवलं. सभागृहात बहुमत कोणाचं, यावर पुढचे कायदे ठरतात. त्यामुळे मतदाराने माणूस बाजूला ठेवून पक्ष मोजला. ते क्रूर होतं, पण अविचारी नव्हतं.

या निवडणुकीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र फारशी कोणी बोलून दाखवत नाही. नव्या कायद्याखालची पहिली विवरणपत्रं 2019 च्या सुरुवातीला भरली गेली. म्हणजे मत आधी पडलं आणि हिशेब नंतर झाला. नोव्हेंबरमध्ये मतदान करणाऱ्या कोणाही सामान्य माणसाने नव्या कायद्याने आपला कर किती झाला, हे कागदावर पाहिलेलं नव्हतं.

तो हिशेब कसा होता, हे एका उदाहरणाने सांगते. कुटुंब काल्पनिक आहे, पण असली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. नवरा-बायको दोघांचं मिळून उत्पन्न 2 लाख डॉलर, दोन मुलं, घरपट्टी 14,000, राज्याचा आयकर 9,000, गृहकर्जाचं व्याज 12,000. 2017 मध्ये त्यांना 35,000 डॉलरची वजावट मिळे आणि चार माणसांची मिळून 16,200 ची सूट वेगळी. केंद्राचा कर होई सुमारे 28,680 डॉलर. 2018 मध्ये माणशी सूट गेली, साल्ट 10,000 वर अडलं, आणि व्याज धरूनही बेरीज 22,000 झाली. त्यापेक्षा सरसकट मिळणारी 24,000 ची नवी प्रमाणित वजावट बरी. एकूण 27,200 डॉलरची वजावट हातची गेली. एवढंच ऐकलं तर कोणीही चिडेल.

पण त्याच कायद्याने कराचे दर उतरवले होते. मुलांमागची करसवलत 1,000 वरून 2,000 झाली होती, आणि पूर्वी या उत्पन्नाच्या घराला ती मिळतच नसे. मुलं 17 वर्षांखालची असतील तर या घराचा 2018 चा कर येतो सुमारे 26,820. म्हणजे सुमारे 1,860 डॉलरनी कमी. मुलं कॉलेजात गेली असतील तर सवलत माणशी 500 वर येते आणि कर होतो 29,820. म्हणजे सुमारे 1,140 डॉलरनी जास्त. घर तेच, पगार तोच, घरपट्टी तीच. फरक फक्त मुलांच्या वयाचा. शेजारशेजारच्या दोन घरांना एकाच कायद्याने उलटसुलट निकाल दिला. मंचावरून मात्र एक पक्ष सांगत होता की सगळ्यांचा कर घटला आणि दुसरा सांगत होता की मध्यमवर्ग लुटला गेला.

टॅक्स पॉलिसी सेंटर या अभ्याससंस्थेच्या अंदाजानुसार 2018 मध्ये देशातल्या सुमारे 80 टक्के लोकांचा कर घटणार होता आणि सुमारे 5 टक्क्यांचा वाढणार होता. तरी त्यानंतरच्या सर्वेक्षणांत आपला कर घटला असं म्हणणारे थोडेच निघाले. याचं कारण पगारातून कापल्या जाणाऱ्या करात आहे. 2018 च्या सुरुवातीला त्या कपातीचे तक्ते बदलले, दर पगारात थोडे डॉलर जास्त येऊ लागले, आणि ते कोणाच्या लक्षात आले नाहीत. 2019 च्या वसंतात मात्र अनेकांचा रिफंड आटला आणि तो लगेच दिसला. रिफंड म्हणजे आपणच सरकारकडे जास्त ठेवलेल्या पैशांची परतफेड. त्यावरून कर वाढला की घटला, हे कळत नाही. ते कळतं फॉर्म 1040 वरच्या एकूण कराच्या ओळीवरून. गेली काही वर्षं ती 24 वी ओळ आहे. माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला मी दोन वर्षांची ती ओळ शेजारी ठेवून दाखवते. चिडून आलेला कधी शांत होतो, तर निर्धास्त आलेला कधी चिडतो. पण दोघांचंही मत तिथून पुढे स्वतःचं असतं.

पक्षांच्या भूमिकाही या प्रश्नात नेहमीच्या राहिल्या नाहीत. कर कमी करा म्हणणाऱ्या रिपब्लिकनांनी ही वजावट कापली. कमी कराच्या राज्यांनी जास्त कराच्या राज्यांचा भार का उचलावा, हा त्यांचा सवाल होता. श्रीमंतांवर कर लावा म्हणणारे डेमोक्रॅट ती परत मिळवायला लढले. एका पैशावर दोनदा कर नको आणि न्यू जर्सी केंद्राला देते त्यापेक्षा कमी परत घेते, हे त्यांचं म्हणणं. दोन्हींत तथ्य आहे. मर्यादा पूर्ण उठवली तर बहुतांश फायदा अतिश्रीमंतांना होतो, म्हणून सिनेटर बर्नी सँडर्स यांनीही विरोध केला होता. न्यू जर्सीने 2018 मध्ये देणगीच्या रूपाने कर भरण्याची वाट काढली, ती केंद्राने 2019 मध्ये बुजवली. मर्यादेविरुद्धचा चार राज्यांचा दावा न्यायालयांत टिकला नाही. 2021 मध्ये मर्यादा 80,000 करणारं विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं.

मग 2025 मध्ये 4 जुलैला आणखी एका करकायद्यावर सही झाली आणि त्या वर्षासाठी मर्यादा 40,000 डॉलर झाली. 5 लाखांपुढच्या उत्पन्नाला ती कमी होत जाते आणि 2030 मध्ये सर्वांसाठी पुन्हा 10,000 वर येते. मर्यादा वाढवण्यासाठी हटून बसलेल्या मोजक्या रिपब्लिकनांत न्यू जर्सीचे टॉम केन ज्युनियर होते. 2022 मध्ये मॅलिनोव्स्कींना हरवून, एके काळची लान्स यांची जागा पक्षाकडे परत आणणारे तेच. आता वरच्याच कुटुंबाचे आकडे तसेच ठेवून बघा. त्यांची वजावट पुन्हा 35,000 झाली. पण 2025 साठी प्रमाणित वजावट 31,500 होती, म्हणजे फरक 3,500 चा. 22 टक्के दराने त्यांचे वाचतात 770 डॉलर. एवढ्या गाजावाजाच्या मर्यादेतून या घराच्या हाती येतं ते इतकंच. दुसऱ्या बाजूला, याच कायद्याने दहा वर्षांत तूट 3.4 लाख कोटी डॉलरनी वाढेल आणि सुमारे एक कोटी लोक आरोग्यविम्याबाहेर जातील, असा काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा 2025 मधला अंदाज आहे. मिळालेले डॉलर मोजताना ही बाजूही मोजली पाहिजे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. जुनी करप्रणाली की नवी, हा प्रश्न आता तिथल्या प्रत्येक पगारदार घरात आहे. गुंतवणुकीवरची वजावट सोडा आणि कमी दर घ्या, हा सौदा जातीने तोच आहे. तिथेही सोडलेली वजावट डोळ्यांत भरते आणि दरातला फरक नजरेआड राहतो.

राहिला प्रश्न राग कोणाच्या दारात न्यायचा याचा. वॉशिंग्टनने फक्त वजावट कापली. 14,000 चं बिल वॉशिंग्टन पाठवत नाही. ते काउंटी, म्युनिसिपालिटी आणि शाळामंडळ मिळून ठरवतात. न्यू जर्सीत त्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा शाळांचा असतो, आणि बिलावर ही विभागणी छापलेली असते. वसंतात या संस्थांच्या अर्थसंकल्पांवर जाहीर सुनावणी होते. तिथे खुर्च्या रिकाम्या असतात. काँग्रेसच्या उमेदवारावर तासन्‌तास वाद घालणाऱ्या घरांना आपल्या शाळामंडळाच्या एकाही सदस्याचं नाव सांगता येत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण चांगल्या शाळांसाठीच ही घरं या गावांत आली आहेत.

आपल्या माणसांत आणखी एक वर्ग आहे. कामाच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेली माणसं सगळे कर पूर्ण भरतात, पण काँग्रेसला मत देऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने बोलणारं मत नागरिकत्व मिळालेल्या शेजाऱ्याकडेच आहे. नागरिक होऊनही मतदान न करणारा स्वतःचा हक्क सोडतो आणि या शेजाऱ्यांचाही आवाज घालवतो.

2018 मध्ये मतदान आधी झालं आणि हिशेब नंतर. 2026 मध्ये क्रम उलटा आहे. 2025 च्या विवरणपत्रांची मुदत 2026 च्या एप्रिलपर्यंतची आणि काँग्रेसची निवडणूक त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला. मतदाराच्या हातात प्रत्यक्ष आकडा असेल. म्हणून माझं सांगणं एवढंच: विवरणपत्रावर सही करण्याआधी एकूण कराची ओळ गेल्या वर्षीच्या ओळीशी ताडून पाहा, घरपट्टीच्या बिलावरची विभागणी वाचा, गावाच्या एका तरी अर्थसंकल्प सुनावणीला जा, आणि मग मत द्या. ते कोणत्याही पक्षाला गेलं तरी चालेल. ते तुमच्या स्वतःच्या हिशेबातून आलेलं असावं.