पिलांची पाठवणी

तीस वर्षे अध्यापन करून आम्ही परक्यांची मुले वळविली. परंतु परक्याचे मूल आपले होऊ न देता वाढवावे कसे, हे शिकण्यास आम्हांस पेन्शनीत निघावे लागले. आणि शिकविणारी निघाली बदकाची सहा पिले!

गेल्या श्रावणात आमच्या गावच्या तळ्याकाठी हळदीकुंकू बदकाची मादी कुत्र्यांनी मारली. काळ्या चोचीचे टोक पिवळे व बुडाशी तांबडा ठिपका, म्हणून या पक्ष्यास हे सौभाग्यसूचक नाव पडले. आमच्या नातवाने पिले टोपलीत घालून आणली. आई केवळ दृष्टीआड झाली असती, तर ती जागची हलविणे हाच अपराध ठरला असता. येथे तो प्रश्नच उरला नव्हता. रानपक्षी बाळगणे १९७२ च्या कायद्याने निषिद्ध असल्यामुळे आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच वनखात्यास कळविले. पशुवैद्याच्या देखरेखीखाली ती तूर्त आमच्याकडेच ठेवावी, असे ठरले.

तथापि आदल्या संध्याकाळीच आमच्या हातून प्रमाद घडला होता. बदकास पाणी हवेच, असा सरळ न्याय लावून आम्ही पिले घंगाळात सोडली. घटकाभर ती आनंदाने पोहली, मग कुडकुडू लागली. पहाटे एक निश्चेष्ट आढळले. भिजलेल्या पिलास आईच्या पंखाखालची ऊब न मिळाल्यास ते गारठून दगावते, हे ज्ञान आम्हांस त्याच्या प्राणाच्या मोलाने झाले.

मग उथळ ताटलीत खडे घालून पाणी, खोक्याच्या एका कोपऱ्यास विजेच्या दिव्याची ऊब, आणि पाव-दुधाऐवजी किडे, पाणवनस्पती व उकडलेल्या अंड्याचा चुरा, अशी व्यवस्था झाली. आमच्या स्वयंपाकघरात अंडे शिजणे अशक्य. पण सौभाग्यवतींनी आपण होऊन अंगणात निराळी चूल मांडली. "आईविना लेकरे आहेत, दोष माझ्या माथी," एवढेच त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात आमच्या काठीचा आवाज आला की पाचही पिले रांगेने मागे येऊ लागली. आम्ही सुखावलो, पशुवैद्य मात्र गंभीर झाले. जन्मतःच जो हलताना दिसेल त्यालाच हंसाची पिले आई मानतात, हे कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३५ साली विशद केले होते. माणसास भुललेले पाखरू रानात शिकाऱ्यासमोरही निःशंक जाते. आम्हांस भागवतातील भरत राजा आठवला. पोरके पाडस त्याने वाचविले हा दोष नव्हे; त्याच्या मोहात तो गुंतला, हा दोष.

त्या दिवसापासून गोणपाटाच्या पडद्याआडून खाणे देणे सुरू झाले. नावे ठेवणे, हाका मारणे, कुरवाळणे सर्व बंद. नातू रडला. वाचकहो, खरे सांगावयाचे तर आम्हांसही जेवण गोड लागेना. रित्या घरात आपल्यामागून कोणी चालावे, ही म्हातारपणीची भूक लहान नसते.

कार्तिकाच्या आरंभी पंख भरले. वनरक्षकाने तळ्याकाठी जाळीचा आडोसा केला, त्यात पिले काही दिवस ठेवली आणि मग एका पहाटे दार उघडले. ती गेली.

पंधरवड्याने आम्ही मुद्दाम काठी टेकीत तळ्याकाठी गेलो. लव्हाळ्यापाशी हळदीकुंकू बदकांचा थवा चरत होता. काठी दगडावर वाजताच सारा थवा भर्रकन उडाला. एकही पक्षी मागे वळला नाही.

घरी येऊन हे सांगितले. "मग बरे झाले," असे म्हणून सौभाग्यवती अंगणातली चूल मोडावयास उठल्या.