पायाखालची माती

मुलांनो, माती सगळीकडे सारखीच असते, असे तुम्हांला वाटते का? मलाही तसेच वाटायचे. ओव्हरसिअरची परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झालो होतो. मातीचे प्रकार तोंडपाठ होते. पण खरी माती मला मुळशीत एका म्हाताऱ्या मुकादमांनी शिकवली, आणि तीही माझ्या हातून चूक झाल्यावर.

मुळशी तालुका पुण्याच्या पश्चिमेला आहे. पौड हे तालुक्याचे गाव. तिथून पुढे गेलात की मुळशी धरणाचे पाणी दिसते. नंतर ताम्हिणी घाटातून रस्ता कोकणात माणगावकडे उतरतो. इथे पाऊस धो धो कोसळतो. सखल जागी भाताची खाचरे आणि वर मुरमाचे माळ, अशी ही जमीन.

पौडजवळ एका वाडीचा रस्ता करणे हे माझे पहिले काम. त्यातला शंभर पावलांचा तुकडा खाचरांतून जात होता. मे महिना संपत आला होता. मुकादमांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी खाचरातल्या काळ्या मातीचा ओला गोळा माझ्या हातावर ठेवला.

"साहेब, हिची शेवई वळून बघा."

मी दोन्ही तळव्यांत माती वळली. खरोखरच शेवईसारखी लांब, बारीक दोरी झाली. मग त्यांनी ओला मुरूम दिला. तो वळता वळताच भुगा झाला.

"जिची शेवई होते, ती रस्त्याखाली नको," चाचा म्हणाले. "ही काढून मुरूम भरू. चार दिवस लागतील."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. काळी चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. म्हणून उन्हाळ्यात काळ्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर घर बांधले, तर एक कोपरा उचलला जातो, दुसरा खचतो आणि चौकटीपासून भिंतीला तिरकी चीर जाते. कापसाला मात्र हीच माती उत्तम! मुरमातून पाणी निघून जाते. पाणी मारून रोलर फिरवला की तो घट्ट बसतो. गंमत म्हणजे दोघांचे मूळ एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून सह्याद्रीचा काळा खडक झाला. तो अर्धवट झिजला की मुरूम होतो, पुरता झिजला की चिकण माती.

उतारावर मात्र कोणत्याच मातीचा भरवसा धरू नका. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातीलच माळीण गावावर पावसाने भिजलेला डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली.

मी चाचांचे ऐकले नाही. पावसाच्या आत काम संपवायची मला घाई होती. काळ्या मातीवरच खडी पसरली, रोलर फिरवला, डांबर टाकले. रस्ता आरशासारखा दिसत होता. चाचा काही बोलले नाहीत.

जुलैत रस्ता बसला. खडी खाली गेली, चिखल वर आला. एका रात्री वाडीतल्या एका बाईला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचे होते. जीप नेमकी त्या शंभर पावलांत रुतली. चौघांनी तिला बाजेवर घालून भर पावसात मुख्य रस्त्यापर्यंत नेले. बाळ आणि आई सुखरूप राहिली. मला हे चाचांनी सांगितले. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, हे मला फार लागले.

दिवाळीनंतर आम्ही तो तुकडा उकरला. दोन फूट काळी माती काढली. मुरमाचे पातळ थर टाकले, प्रत्येक थर दाबला. पाणी निघून जावे म्हणून दोन्ही बाजूंना चर खणले. चार नाही, नऊ दिवस लागले.

काळी माती फार खोल असेल, तर ती सगळी काढता येत नाही. मग रस्त्यासाठी तिच्यात चुना मिसळतात. घरांसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने एक युक्ती काढली. पायाचा खांब खोल नेऊन तळाशी कांद्यासारखा फुगीर करतात. तिथली माती फारशी भिजत नाही आणि वाळतही नाही, त्यामुळे घर हलत नाही.

आता एक काम करा. शाळेच्या मैदानातली मूठभर माती घ्या, खडे काढा, थोडी भिजवा आणि शेवई वळून बघा. मग तुमच्या घराजवळची घ्या. दोन्ही गोळे उन्हात ठेवा. कोणत्या गोळ्याला आधी भेगा पडतात, ते वहीत लिहून ठेवा.