समुद्रसहलीचा मुहूर्त: वारा, लाटा आणि तुमच्या गोळ्या

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की आमच्या भाईंदरच्या दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी वाढते. एक, अभ्यासाच्या ताणानं पोट बिघडलेली मुलं. आणि दुसरी, सहलीचे पैसे भरून झाल्यावर "डॉक्टर, चालेल ना?" असं विचारायला येणारे त्यांचे आई-बाबा आणि आजी-आजोबा. पूर्वी ही सहल महाबळेश्वर किंवा तारकर्लीची असायची. आता अंदमान, मालदीव, बाली अशी नावं येतात. तरुण मुलं तर थेट सर्फिंगबद्दल विचारतात.

तारीख मात्र अजूनही दोनच गोष्टींवरून ठरते: शाळेची सुट्टी आणि पॅकेजचा दर. समुद्राला कुणी विचारत नाही, आणि शरीराला त्याहून नाही. म्हणून आज याच विषयावर थोडं सविस्तर लिहितो.

समुद्राचं वर्ष वेगळं असतं

आपल्या उत्तनच्या कोळीवाड्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ती मुख्यतः माशांच्या विणीसाठी असली, तरी याच काळात समुद्रही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होड्या पुन्हा दर्यात जातात. उत्तनचे एक तांडेल बीपीच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे येतात. ते एकदा म्हणाले, "डॉक्टर, पाऊस लागला म्हणून दर्या खवळत नाय, वारा फिरला म्हणून खवळतो." हवामानशास्त्र यापेक्षा फार वेगळं सांगत नाही.

हा वारा सगळीकडे एकाच दिवशी फिरत नाही. मुंबईत मान्सून सरासरी ११ जूनला पोहोचतो. अंदमानच्या दक्षिणेकडच्या समुद्रात तो मेच्या तिसऱ्या आठवड्यातच दाखल होतो. म्हणजे आपल्याकडे आंब्याचा मोसम ऐन भरात असतो, तेव्हा तिकडे पावसाळा सुरू झालेला असतो. तिथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील या बेटांवर (आताचं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) हजाराहून अधिक पर्यटक अडकले. त्यांना बाहेर काढायला नौदलाला जावं लागलं.

थोडक्यात, अंदमानसाठी जानेवारी ते एप्रिलचा पूर्वार्ध हा सर्वांत शांत काळ. मालदीवसाठी साधारण डिसेंबर ते एप्रिल. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथलं गणित उलटं: एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ आणि नाताळच्या सुट्टीत पाऊस. श्रीलंकेत तर एकाच देशात दोन हंगाम आहेत. नैऋत्य किनाऱ्यासाठी नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पूर्वेकडच्या अरुगम बेसाठी मे ते सप्टेंबर.

चांगली लाट कुणासाठी चांगली?

सर्फिंग करणारी मुलं इथे मला अडवतात. "डॉक्टर, शांत समुद्रात सर्फिंग कसं करणार?" त्यांचं बरोबर आहे. मोठ्या, लांबून येणाऱ्या लाटा हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या वादळांतून जन्मतात आणि हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. तिथला हिवाळा म्हणजे आपला उन्हाळा आणि पावसाळा. त्यामुळे लिटल अंदमानला मुरलेले सर्फर मार्च ते मे या काळात जातात. लाट मोठी झालेली असते आणि मान्सूनचा वारा अजून यायचा असतो.

पण जो आयुष्यात पहिल्यांदा फळीवर उभा राहणार आहे, त्याच्यासाठी हा हंगाम नव्हे. नवशिक्यानं कर्नाटकातल्या मुल्कीसारख्या ठिकाणी, पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या छोट्या लाटांवर प्रशिक्षकाबरोबर शिकावं. त्याला तीन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, परतीचा प्रवाह. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत दिसतो, तिथूनच पाणी आत खेचलं जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा. माणूस बहुधा प्रवाहामुळे बुडत नाही, त्याच्याशी झुंजून दमल्यामुळे बुडतो.

दुसरी, स्वतःचीच फळी. डोक्याला आणि चेहऱ्याला होणाऱ्या बऱ्याच जखमा तिच्यामुळेच होतात. पाण्यात पडताना डोकं हातांनी झाका.

तिसरी गोष्ट दुर्मीळ, पण महत्त्वाची. नवशिके तासन् तास पालथे झोपून पाठ मागे ताणून धरतात. क्वचित त्यामुळे मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी होतो. अचानक पाठ दुखली आणि पाय जड किंवा बधिर वाटले, तर "मसल पेन" म्हणून बसू नका. ताबडतोब पाण्याबाहेर या आणि थेट रुग्णालय गाठा.

शरीराचा हंगाम

आता आजी-आजोबांकडे वळू. एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे बरीच वर्षं येतात. वय ६८, डायबेटिस, एका हार्ट अटॅकनंतर हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, पण गोळ्यांवर प्रकृती स्थिर. शाळेत असल्यापासून मनात एकच इच्छा: सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी पाहायची. घरच्यांनी मेअखेरचं पॅकेज पाहिलं होतं. स्वस्तही होतं, आणि नातवाची परीक्षाही तोवर संपणार होती. नातवाला सर्फिंग करायचं होतं. मी जानेवारीबद्दल बोलायला लागलो, तर आजोबांनी शांतपणे विचारलं, "दहा महिने थांबू म्हणता. मी थांबेन याची खात्री देता का?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच डॉक्टरकडे नसतं. "पुढच्या वर्षी जा" हा सल्ला आम्हाला सोपा वाटतो, कारण त्याची किंमत आम्हाला मोजावी लागत नाही. म्हणून मी महिना सोडून मे आणि मार्चमधला फरक कागदावर मांडला.

तापमान? फारसा फरक नाही. तिथे वर्षभर कमाल तापमान तिशीच्या आसपासच असतं. फरक पडतो दमटपणानं आणि समुद्रानं. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. नुसतं पाणी आणि मीठ जातं. हे गृहस्थ लघवी वाढवून शरीरातलं पाणी कमी करणारी गोळी घेतात. त्यात खवळलेल्या समुद्रात दोन तासांची बोट आणि उलट्या. घाम, उलटी आणि गोळी, तिन्ही एकाच दिशेनं ओढतात. बीपी घसरतं, सोडियम कमी होतं, किडनीवर ताण येतो. डायबेटिसच्या काही गोळ्यासुद्धा उलट्या-जुलाब चालू असताना तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते निघण्यापूर्वी डॉक्टरकडून लिहून घ्या.

पाऊस सुरू झाला की आणखी एक पाहुणा येतो, लेप्टोस्पायरोसिस. २००५ च्या पुरानंतर आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोहोचला. अंदमानात पूर्वी एका गूढ तापाला "अंदमान हेमरेजिक फीव्हर" म्हणत. पोर्ट ब्लेअरच्या संशोधकांनी नंतर दाखवून दिलं की तो लेप्टोच होता. पायाला जखम असलेल्या डायबेटिसच्या पेशंटनं चिखलपाण्यात चालणं म्हणजे या जंतूला दार उघडून देणं. पावसात डासही वाढतात, आणि तिथे मलेरिया आहे.

पण माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठा मुद्दा परतीच्या वाटेचा होता. लहान बेटांवर प्राथमिक उपचार मिळतात. मोठं सरकारी रुग्णालय, गोविंद बल्लभ पंत, हे राजधानीत आहे. मध्ये समुद्र. हवा चांगली असेल तर बोट किंवा हेलिकॉप्टर मिळतं. वादळी असेल तर तुम्ही जिथे आहात तिथेच. हृदयाच्या पेशंटसाठी हंगाम निवडणं म्हणजे सुंदर फोटोंचा महिना निवडणं नव्हे. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर रुग्णालयात पोहोचता येईल, असा महिना निवडणं.

मग मी म्हटलं, "काका, जानेवारी नको आणि मेही नको. आज तुमची तब्येत स्थिर आहे. याच महिन्यात जा." घरी थोडी नाराजी झाली. नातवाची परीक्षा असल्यानं तो येऊ शकला नाही. तिकिटं महाग पडली. आजोबा-आजी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, मुलीला सोबत घेऊन, पाच दिवसांसाठी गेले. जेलचे जिने ते थांबत थांबत चढले. बेटांपैकी फक्त एकच पाहिलं. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांना दम लागून दोनदा ॲडमिट व्हावं लागलं. आता लांबचा प्रवास त्यांना झेपत नाही. नातू पुढे दिवाळीच्या सुट्टीत मुल्कीला जाऊन लाटांवर उभं राहायला शिकला.

निघण्यापूर्वी एवढं करा

- बुकिंग करण्याआधी डॉक्टरांना भेटा, नंतर नव्हे. गोळ्यांची यादी आणि शेवटचा ईसीजी किंवा टूडी इको सोबत ठेवा.
- गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठू शकतं, आणि किनाऱ्यावरच्या उन्हात ते खराब होतं.
- बोट लागत असेल तर निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास गोळी घ्या. मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.
- अंदमानात डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंधार पडतो. जेवण लवकर होत असेल तर शुगरच्या गोळीची वेळही त्यानुसार ठरवून घ्या.
- ढग असले तरी ऊन लागतं. सकाळी दहा ते दुपारी चार अंग झाका. डायबेटिस असेल तर वाळूत अनवाणी चालू नका.
- निळी जेलीफिश आपल्याकडेही पावसाळ्यात किनाऱ्याला येते. डंख झाला तर चोळू नका. समुद्राच्या पाण्यानं धुवा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं ठेवा.
- स्कूबा केल्यावर किमान अठरा तास विमानात बसू नका. दमा किंवा कानाचा त्रास असेल तर आधी तपासणी करा.
- परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर "बेटावर गेलो होतो" हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

पॅकेजवाल्याला दर विचारा, हवामान खात्याचा अंदाज पाहा, आणि घरातल्या सर्वांत नाजूक माणसाला कोणता महिना मानवेल ते बघून तारीख ठरवा. बाकीच्यांना तो महिना बहुधा मानवतोच.