उलाळ

आमच्या काटेवाडीचे नाव पुण्या-मुंबईच्या माणसाला ठाऊक असते ते आषाढी वारीमुळे. तुकोबांची पालखी येते, परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, आणि त्या दिवशी फोटोवाल्यांना उभे राहायला जागा मिळत नाही. एरवी गावाकडे कॅमेरा रोखायला कोणी येत नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीत मी घरी गेलो आणि आमच्या गोठ्यात माझा पुतण्या मोटारीच्या मागच्या चाकाशी मोबाइल लावून पालथा पडलेला दिसला, तेव्हा मला नवल वाटले.

गोठा म्हणायचे एवढेच. बैल जाऊन कैक वर्षे झाली. दावणीच्या जागी आता एक जुनी मोटार उभी होती. पुढची आसने काढलेली, मागे ही रुंद टायरे. पुतण्याला ड्रॅग शर्यतीचे वेड लागले आहे. दोन मोटारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा लागला की सरळ सुटायचे. वळण म्हणून नाही. या खेळाची मोठी संघटना अमेरिकेत १९५१ साली निघाली. शर्यतीची रूढ लांबी पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. एवढ्यासाठी माणसे वर्ष-वर्ष पाने फिरवत बसतात. आमचे दादा, म्हणजे पुतण्याचे वडील, या वेडामुळे मुलाशी कामापुरतेच बोलत आणि गोठ्यात तर पाऊलही टाकत नसत.

"काका, तुम्ही ड्राफ्ट्समन. जरा बघा ना," पुतण्या म्हणाला.

एकतीस वर्षे रेषा ओढून निवृत्त झालेल्या माणसाला याहून गोड हाक ती कोणती! मी कागद-पेन्सिल मागवली.

प्रकरण असे होते. मोटार जोराने सुटली की पुढच्या चाकांवरचा काही भार मागच्या चाकांवर जातो. किती, ते ठरलेले असते. मोटार हजार किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर, आणि सुटण्याचा वेग वस्तू खाली पडताना वाढतो त्याच्या निम्म्याने वाढणारा धरला, तर शंभर किलो मागे जाणार. दांडे कसेही बसवा, त्यात फारसा फरक पडत नाही. पण ते शंभर किलो टायरावर हळूच टेकवायचे की दाणकन आदळायचे, हे मात्र दांड्यांवर अवलंबून.

मागचा आख मोटारीच्या सांगाड्याला चार दांड्यांनी जोडलेला होता. दोन वर, दोन खाली. बाजूने पाहिले तर वरचा दांडा पुढे जाताना खाली झुकतो. दोन्हींच्या रेषा पुढे वाढवल्या की एका बिंदूत मिळतात. तिथे ना खिळा, ना बोल्ट; पण चाकांचा रेटा जणू त्याच बिंदूतून मोटारीला ढकलतो. बिंदू खाली आणि पुढे असला तर मोटार मागे बसते. फार उंच आणि चाकाजवळ आला तर तिची पाठ वर उचलली जाते. चाक क्षणभर जमिनीत रुतल्यासारखे दाबले जाते आणि लगेच हलके पडते. पुतण्याने जोराच्या हौसेने बिंदू बराच वर नेऊन ठेवला होता.

मित्राच्या गोदामामागे सिमेंटची लांब पट्टी आहे. तिथे संध्याकाळी मोटार सोडून पाहिली. टायरांचे वळ पाहायला मी वाकलो तर हातभर काळा पट्टा, मग कोरी जागा, मग पुन्हा नुसते घसटलेले काळे. तेवढ्यात मागून आवाज आला,

"चाक आधी दाबतंय, मग सोडतंय."

दादा केव्हा येऊन उभे राहिले होते, कळलेही नाही.

दादांना हे कोणी शिकवायला नको होते. आमची उसाची गाडी भवानीनगरच्या कारखान्याला जाई. मोळ्या आखाच्या मागे जास्त झाल्या की गाडी उलाळ होते. जू वर उचलते आणि जोते बैलांच्या गळ्याला आवळतात. पुढे जास्त झाल्या तर भार मानेवर येऊन बैलाचा खांदा येतो. दादा गाडी भरली की धुरेला एका हाताने उचलून पाहत आणि एखादी मोळी इकडची तिकडे करीत. एका हंगामात मात्र त्यांना ताप होता, म्हणून गाडी मी भरली. पुढे चढून रचण्याचा कंटाळा केला. कालव्याच्या पुलाच्या चढावर गाडी उलाळ झाली. डावा बैल गळ्याने वर ओढला गेला आणि गुडघ्यांवर पडला. तो पुढे ओढीला उपयोगी आला नाही, बाजारात गेला. हाकायला तापातही दादाच होते, त्यामुळे वडिलांनी बोल लावला तो त्यांना. मी गप्प राहिलो. पुढे शिकायला पुण्याला गेलो, आणि ती गप्प बसण्याची सवय इतकी अंगवळणी पडली की पन्नास वर्षे कशी गेली कळले नाही.

पुतण्याने जॅक लावला. खालच्या दांड्याच्या पुढच्या टोकाला एकाखाली एक तीन भोके होती. माझ्या कागदावरच्या हिशेबाने ते टोक एक भोक खाली घेतले की बिंदू खाली उतरत होता आणि पुढेही सरकत होता. दादांनी कागदाकडे पाहिलेही नाही. मोटारीखाली वाकून म्हणाले, "ह्ये टोक खाली घे. एकदम दोन भोकं नको, एकच."

बोल्ट बसले. मोटार पुन्हा सुटली. या वेळी वळ आरंभापासून सलग उमटले, दोन्ही सारखे, आणि पुतण्या पट्टीच्या टोकाशी मोटारीतून उतरून नुसताच ओरडत राहिला. दादा वळांवरून चप्पल फिरवत होते.

"त्या दिवशी मोळ्या मागंच होत्या," ते म्हणाले.

"दादा, मीच रचल्या होत्या."

"ठाऊक हाय मला. सोळा नंबरचा पाना कुठाय? पोरगं आता दुसरी बाजू बघायला सांगंल."

पाना माझ्याच हातात होता. मी तो त्यांना दिला.