पंचतारांकितचा माणूस तंबूत

नैरोबी, ९ मे

ताईस सप्रेम नमस्कार,

तू मोबाइलवर दाखवलेलं ते जिराफांचं हॉटेल बघितलं. बाहेरून. जिराफ मॅनर म्हणजे १९३२ साली एका साहेबाने बांधलेली हवेली, भिंतींवर वेल चढलेले. १९७४ मध्ये लेस्ली-मेलव्हिल नावाच्या जोडप्याने ती घेतली आणि रॉथ्सचाइल्ड जातीच्या जिराफाची पिल्लं आणून वाढवली, कारण ती जात संपत चालली होती. आता नाश्त्याच्या वेळी जिराफ खिडकीतून माना आत घालतात आणि पाहुण्याच्या ताटाकडे बघतात. एका रात्रीचं भाडं मी एकदाच विचारलं.

शेजारी जिराफ सेंटर आहे. तिथे तिकीट काढून आपल्यासारख्यालाही जिराफाला खाद्य भरवता येतं. मी भरवलं. जीभ म्हशीसारखी खरखरीत, पण हातभर लांब आणि काळी-जांभळी. पोरांना सांग, हात दोनदा साबणाने धुतला.

भाषा अर्धी ओळखीची आहे. गाडीला गारी, दुकानाला दुका, गोणीला गुनिया, चपातीला चपातीच. सफारी म्हणजे आपली सफरच, दोन्ही शब्द अरबीतून आलेले. इथल्या हिशेबाने मुंबईला कामाला जाणारे दाजीसुद्धा सफारीवरच असतात.

मसाई मारा, १३ मे

तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार,

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि इथे रेंजही नाही, म्हणून कागदावर. पोरगं वाचून दाखवील.

इथल्या एका साखर कारखान्याचे रोलर बसवून झाले. तिथल्या गुजराती मॅनेजरच्या ओळखीने मला इथे दोन रात्री मिळाल्या. मार्च ते मे इथे पावसाचा हंगाम. गाड्या चिखलात रुततात, पाहुणे कमी, दरही उतरलेले. नाहीतर मी कुठला इथे!

आल्या आल्या गंमत झाली. माझ्या कार्डावर 'फाइव्ह स्टार एमआयडीसी, कागल' छापलंय. ते वाचून कॅम्पची मॅनेजरबाई अदबीने म्हणाली, तुमच्याकडे खोल्या किती? म्हटलं, बाई, खोल्या नाहीत, भट्ट्या आहेत. मग पंचतारांकित कशाला म्हणतात, हे तिला समजावताना माझीच तारांबळ उडाली. रुंद रस्ते, पाणी, वीज, मोठे प्लॉट असं काहीबाही सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे यातलं काहीच नाही आणि त्याचेच आम्ही पैसे घेतो.

खरंच नाही. लाकडी फळ्यांवर उभारलेला कापडी तंबू. आत पलंग, गादी, मेज. विटेचं काम शोधून सापडणार नाही. उद्या तंबू उचलले तर चार पावसांत जागा ओळखू येणार नाही. अंघोळीला आधी हाक मारायची. मग तंबूमागे एक जण गरम पाण्याची कापडी बादली कप्पीवरून वर चढवतो आणि आत आपण साखळी ओढायची. पाणी तेवढंच. तुम्ही विहिरीवर अंघोळ करताना आमच्यावर पाण्यावरून ओरडायचात, ते आठवून मी साखळी झटकन बंद केली. कुंपण नाही. अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पाय टाकायचा नाही, भालावाला राखणदार जेवणाच्या तंबूपर्यंत सोडतो. पहिल्या रात्री तंबूच्या कापडापलीकडे कुणीतरी कराकरा गवत तोडत होतं. मी म्हटलं, कुणाची म्हैस सुटली. सकाळी ठसे दाखवले, पाणघोड्याचे.

हे तंबू आधी शिकाऱ्यांचे होते. अमेरिकेचा रूझवेल्ट १९०९ मध्ये शेकडो हमाल घेऊन इथल्या मुलखात शिकारीला आला होता. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली. बंदुका गेल्या, तंबू राहिले. आपल्याकडच्या राजवाड्यातलं पेंढा भरलेल्या जनावरांचं दालन आठवलं. काल चित्ता दिसला, मादी, उंचवट्यावर बसून लांब बघत होती. गाइडला सांगितलं, आमच्या कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीला चित्ते पाळायचे आणि आपले संपत आले तेव्हा आफ्रिकेतून मागवायचे. त्याला वाटलं, थाप मारतोय. २०२२ मध्ये नामिबियातून भारतात कुनोला चित्ते गेले तेवढं त्याला ठाऊक होतं.

हा गाइड मसाई आहे. लाल चौकड्याचं कापड अंगावर, हातात काठी. पट्टणकोडोलीच्या जत्रेत त्याला उभा केला तर कुणीतरी भंडारा लावून मेंढरांची चौकशी करील. वाघर इथेही आहे. आपले धनगर जाळी लावतात, हे जाळीचे पत्रे लावून रात्री गुरं कोंडतात, सिंहापासून वाचायला. काही दिवसांनी पत्रे उचलून पुढे. जिथे गुरं बसली तिथे नंतर दाट गवत येतं. रानात मेंढरं बसवण्याचा आपला व्यवहारच की.

तुम्ही पहिलं विचाराल ते मी विचारलं. जमीन कुणाची? गाइड म्हणाला, माझी. पूर्वी ही सगळी सामाईक कुरणं होती. मग वाटणी झाली, इकडच्या भागात एकेकाला दीडशे एकरांच्या आसपास आली. प्रत्येकाने तारेचं कुंपण घातलं असतं तर जनावरं गेली असती आणि गवतही. म्हणून शेकडो जणांनी आपापले सातबारे (इथला कागद वेगळा, तुम्हाला कळावं म्हणून सातबारा म्हणतो) एकत्र जोडून जमीन कॅम्पवाल्यांना भाड्याने दिली. भाडं एकरावर, दरमहा. पाहुणे कमी आले म्हणून ते कमी करायचं नाही. इथला नियम सातशे एकरांमागे एक तंबू आणि एका कॅम्पला बारा तंबूंची मर्यादा. करार संपला की जमीन परत मालकाच्या हाती. नाव त्याचं पुसलं जात नाही.

आबा, मला एमआयडीसीत गेलेला आपला माळ आठवला. आपला व्यवहार एकदाच झाला. पैसे आले, घरावर स्लॅब पडला, मला कारखान्यात नोकरी लागली. माझी तक्रार नाही, मी तर त्याच माळावर पगार घेतो. पण तुम्ही अजून कुणाला पत्ता सांगताना 'आपल्या बांधाला लागून' म्हणता आणि समोरच्याला बांध दिसत नाही.

इथेही सगळं गोड नाही. कोरोनात विमानं थांबली तेव्हा भाड्याची ओढाताण झाली. चरायला कधी, किती गुरं सोडायची ते ठरवून दिलेलं असतं, आणि दुष्काळात त्यावरून तंटे होतात. कागदावर बहुतेक नावं बाप्यांचीच. हे गाइडने स्वतःहून सांगितलं, मी उकरलं नव्हतं.

मी विचारलं, विकणार का? तो हसला आणि म्हणाला, विकली तर मी तुला काय दाखवू?

मसाई मारा, १४ मे, पहाटे

शिफ्टच्या मंडळींना रामराम,

अंघोळीच्या बादलीची कप्पी बिडाची आहे. बारकाईने बघितली. खाचेत दोन ब्लो-होल आणि पार्टिंग लाइन घासलेलीच नाही. आपल्या इन्स्पेक्शनला पाच मिनिटांत रिजेक्ट झाली असती. इथे वर्षानुवर्षं चालू आहे म्हणे. मॅनेजरबाईने विचारलं, बनवून द्याल का? बारा हव्यात, वजन कमी, गंज धरता कामा नये. माप घेऊन ठेवलंय. अ‍ॅल्युमिनियममध्ये परवडेल का, ते कोअर शॉपला विचारून ठेवा. मी सोमवारी येतो.